सतरा दिवसांची मालकीण

साहेब, तुम्ही तिला खोटारडी ठरवलंत.

तोंडी नाही, लेखी. जावक क्रमांक घालून, खाली गोल शिक्का मारून, "अर्जदाराने मालमत्तेची माहिती हेतुपुरस्सर दडवली" असं तुम्ही लिहिलंत. हेतुपुरस्सर. हा शब्द तिनं दोनदा वाचला, मग नवऱ्याला विचारला, आणि नवऱ्यालाही तो धड सांगता आला नाही. ज्या बाईला शब्दच माहीत नव्हता तिच्या कपाळावर तुम्ही तो डागलात. आता ती कोण आणि तिनं काय दडवलं ते ऐका. तुमच्यासमोर ती हे सांगायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, मुद्द्याचं बोला. मुद्दा हाच आहे.

तिला सगळे पडदेवाली म्हणतात. नव्या इमारतीत लोक राहायला आले की पहिल्या आठवड्यात दोनच माणसांना बोलावणं जातं, एक केबलवाला आणि दुसरी ही. ही येते, चपला दाराबाहेर काढते, गळ्यातली टेप उतरवते आणि खिडकीसमोर उभी राहते. रुंदी घेते, उंची घेते, रॉड भिंतीपासून किती बाहेर येणार ते विचारते. मग रुंदीच्या दुप्पट कापड सांगते. चुण्या पडल्या नाहीत तर पडदा पडदा दिसत नाही, वाळत घातलेली चादर दिसते. दुप्पट ऐकून घरवाल्या दचकतात. त्यांना ती म्हणते, "कापडात काटकसर केलीत तर रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा ती दिसेल. करायचीच तर घरात आतल्या आत करा."

तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र चादरच होती. एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत सुतळी, आणि सुतळीवर चादर. कारण भिंतीला खिळा मारायचा नाही ही मालकीणबाईंची पहिली अट. महिन्याच्या एक तारखेला भाडं घ्यायला आल्या की त्या भिंतीवरून हात फिरवायच्या, बाजारात घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. एकदा आधीच्या भाडेकरूचं भोक सापडलं, त्याचेही पैसे हिच्याकडून घेतले. ओळखीच्या बायका चादर बघून हसायच्या, दिव्याखाली अंधार म्हणायच्या. ती म्हणायची, "दिवा माझा आहे, भिंत दुसऱ्याची आहे."

सात वर्षांत ही चौथी खोली. पहिली गळायची. दुसरी मालकाच्या मुलाला हवी झाली. तिसरीतून शिलाई मशीनच्या आवाजापायी निघावं लागलं. खालचे म्हातारे म्हणाले, माझी कवळी पेल्यात नाचते. म्हणून चौथ्या खोलीत मशीनच्या पायांखाली गोधडीच्या चार घड्या, आणि शिवायची वेळ ठरलेली. वर मालकीणबाईंच्या टीव्हीवर मालिका सुरू झाली की खाली हिची शिलाई सुरू. जाहिरातींना आवाज वाढतो, तेवढ्यात ती अस्तराच्या जाड शिवणी उरकून घ्यायची. मालिकेत काय चाललंय हे तिला एकदाही न बघता पाठ होतं. नऊ वर्षांची लेक कापड बेतायच्या टेबलाखाली झोपायची, आणि पांघरुणाऐवजी अंगावर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पडदा असायचा. सकाळी तो इस्त्री करून गिऱ्हाइकाकडे रवाना.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टवाला. दिवसभर लोकांना वर चढवतो आणि संध्याकाळी तळमजल्यावर झोपायला येतो, हा विनोद तो स्वतःच सांगायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची संधी मिळू नये.

आणि मग तुमची योजना आली. पहिलं घर. भिंतींवर मोठमोठी चित्रं लागली, एक जोडपं किल्ली धरून दात काढतंय. ज्याच्या नावावर कधी घर नव्हतं त्यानं पाच वर्षं दर महिन्याला बँकेत ठरलेली रक्कम टाकायची, एकही महिना चुकवायचा नाही. पाच वर्षं पुरी झाली की घराच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी जे लागेल त्यात एक तृतीयांश कार्यालय घालणार. बाकीचं कर्ज बँक देणार. चित्र बघून लिफ्टवाला म्हणाला, यांचे दात बघ, यांना भाडं नसणार. पण दुसऱ्या दिवशी रांगेत तोच पुढे होता.

पाच वर्षं म्हणजे साठ महिने. ते कसे गेले ते तुम्हाला ऐकवण्यात अर्थ नाही. पोटाला चिमटा घेणं वगैरे म्हणतात, पण चिमटा क्षणभराचा असतो. एक सांगते ती, तेवढं ऐका. तिचा बाप गेला त्या महिन्यातही हप्ता चुकला नाही. बापाला पोचवून तिसऱ्या दिवशी ती त्या गावातल्या बँकेत रांगेत उभी होती, सुजलेल्या डोळ्यांनी. पुढच्या माणसानं विचारलं, ताई, डोळे आलेत का. ती हो म्हणाली. खरंच, आयुष्यात ती खोटं बोलली असेल तर ते एवढंच.

बापाचं घर म्हणजे एक खोली, मागे ओट्यापुरती जागा आणि वर पत्रा. बापाजवळ धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहायचे. आई आधीच गेलेली. बापानं मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. त्याच्या हिशेबी दोन लेकरं होती आणि घर त्यांचं होतं, त्यात लिहायचं काय? पण नोंदणीच्या कचेरीत लिहावं लागतं. तिथल्या माणसानं भावाला सांगितलं, आधी दोन्ही वारसांची नावं चढणार, मग बहीण हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र करा, तिचं नाव उतरेल. भावानं फोन केला. आवाज पडलेला. "ताई, पत्रा बदलायचाय, कर्ज काढायचंय. बँक म्हणते, नाव एकट्याचं पाहिजे. तू म्हणशील तसं करू."

ती काही म्हणायच्या आतच शेजारून लिफ्टवाला म्हणाला, "सांग त्याला, आपल्याला कुणाच्या अर्ध्या खोलीची हाव नाही. आपण आपलं घेऊ."

किती छान वाटलं होतं तिला तेव्हा. इतकी वर्षं लोकांच्या भिंती जपणाऱ्या माणसानं हे म्हणावं! गरिबाला मोठेपणा करायची संधी वर्षातून एखादीच मिळते, ती कोण सोडतं? ती दुसऱ्याच आठवड्यात गेली. कचेरीतल्या माणसानं विचारलं, स्वखुशीनं सोडताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. स्वखुशीनं, ती म्हणाली. फोटो काढला, अंगठा घेतला, सही घेतली. बाहेर आल्यावर भाऊ रडला. भावजयीनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नाव चढलं त्या दिवसापासून नाव उतरलं त्या दिवसापर्यंत सतरा दिवस गेले. त्या सतरा दिवसांत ती काय करत होती हे तिनं पुढे आठवून पाहिलं. एका दवाखान्याचे पडदे शिवत होती. बावीस पडदे, हिरवे, वर रिंगा. आपण घरमालकीण आहोत याचा तिला पत्ताही नव्हता.

पुढे दोन वर्षांनी साठावा हप्ता भरला. त्याच सुमारास लिफ्टवाला एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवत होता. तिथे तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट कुणी घेत नव्हतं, कारण खिडकीसमोर पाण्याच्या टाकीची भिंत. भाव त्यामुळे खाली. त्यानं बिल्डरच्या माणसाशी बोलून ठेवलं, आणि रविवारी तिला दाखवायला नेलं. टाकीची भिंत बघून ती म्हणाली, बरं आहे, समोरून कुणी बघणार नाही. मग तिनं टेप काढली. माप घ्यायला कुणी बोलावलेलं नसताना माप घेतलेली ही तिची पहिली खिडकी. रुंदी चार फूट दोन इंच. तिनं ते दोनदा घेतलं. कापड मात्र बेतलं नाही. एकदा कात्री चालली की चालली, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. तेवढं एक शहाणपण केलं त्यांनी.

बाकी वेडेपणाच. बयाणा दिला. तुमच्या कार्यालयात अर्ज टाकला. अर्जात सातवा प्रश्न होता: यापूर्वी आपल्या नावे घर होते काय? तिनं "नाही"वर खूण केली. विचार करावा असं त्यात काही होतं का? तहानलेल्याला विचारावं, आज विहीर प्यायलास का, तसा तो प्रश्न. आणि त्याच आनंदात तिनं मालकीणबाईंना सांगून टाकलं की दोन महिन्यांत आम्ही खोली सोडतो. मालकीणबाईंनी लगेच दुसरं गिऱ्हाईक पाहिलं. त्यांना दोष कशाला द्यायचा, तोंड हिचं होतं.

सहा आठवड्यांनी तुमचं पत्र आलं.

तुमच्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंना ती रांगेत उभी राहून भेटली. ती खिडकी एक फूट बाय दीड, तिला पडदा लागत नाही, आतून फळी सरकवली की काम होतं. बाई वाईट नव्हत्या. चष्मा गळ्यात दोरीला, बोटांना शाईचे डाग. त्यांनी फाइल काढली, पान उलटलं आणि हिच्याकडे फिरवलं. हिचंच नाव. मालक, हिस्सा अर्धा. खाली रेघ मारून दुसरी नोंद, हक्क सोडला. मध्ये दोन तारखा.

"पण मी सोडलं की," ती म्हणाली. "हेच लिहिलंय ना इथं, सोडलं म्हणून?"

"सोडलं म्हणजे होतं," बाई म्हणाल्या. "नसलेलं कसं सोडणार तुम्ही?"

मागे रांग होती. मागचा माणूस म्हणाला, घर आहे तर कशाला येता आमच्या ताटात हात घालायला. तो भाड्यानं राहणाराच असणार, तिच्यासारखाच, चार खोल्या पालथ्या घातलेला. तुमच्या रांगेचं हे एक कसब आहे, साहेब. माणसं फळीकडे बघून चिडत नाहीत, पुढच्याच्या पाठीकडे बघून चिडतात.

बाईंनी हळू आवाजात दोन वाटा सांगितल्या. नवऱ्याच्या एकट्याच्या नावानं अर्ज होत नाही, नवरा-बायको एकच धरतात. वेगळे झालात तर होतो. कागदोपत्री हो, खरोखर नव्हे, पुष्कळ लोक करतात. आणि ते नको असेल तर भावाकडून लिहून आणा की त्या वेळी ती जागा राहण्याजोगी नव्हती, सामान ठेवायची होती. गोदाम घर धरत नाहीत. गोदामाच्या अर्ध्या हिश्शाची मालकीण असलात तर चालतं. महिनाअखेरपर्यंत आणा, नंतर बिल्डरची मुदत संपेल आणि मग कागद आणून उपयोग नाही.

पहिली वाट ऐकून लिफ्टवाला कधी नव्हे तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "सात वर्षं एका खोलीत भांडून वेगळे झालो नाही, आणि आता खिडकीवरची बाई सांगते म्हणून होऊ?" पण हसून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, आणि तो खरोखरच विचार करतोय हे तिच्या लक्षात आलं. त्या गप्प बसण्याचा तिला जेवढा राग आला तेवढा तुमच्या पत्राचाही आला नव्हता. ती म्हणाली, मी भावाकडे जाते.

म्हणजे बघा. जिनं खरं लिहिलं ती तुमच्या दप्तरी खोटारडी ठरली, आणि आता खरी ठरायला ती खोटं आणायला निघाली. कारण बाप गेला तेव्हा त्या जागेत तिघं राहत होती, चूल पेटत होती. गोदाम कसलं?

रविवारी दुपारी ती पोचली. गल्लीतून घर ओळखू येईना. पत्रा जाऊन स्लॅब आला होता, स्लॅबवर एक खोली चढली होती, भाऊ-भावजय वर राहत होते. आणि खालच्या, बापाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटची पोती. भावानं ती एका दुकानदाराला माल ठेवायला दिली होती. ती उंबऱ्यात उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी जे खोटं होतं ते आज डोळ्यांसमोर खरं होऊन पडलं होतं, पोत्यांची थप्पी लावून.

तिला वाटलं, आता काम झालंच. भावाला फक्त दिसतंय ते लिहायचंय.

वर गेल्यावर भावजयीनं पाणी आणलं, चहा टाकला. भावानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. तिनं सगळं समजावून सांगितलं, तारखेसकट. तो मान हलवत राहिला. मग उठून खिडकीपाशी गेला आणि तिथूनच बोलला. बँकेनं त्याला कर्ज दिलं ते राहतं घर म्हणून. घराला व्याज कमी, गोदामाला दीडपट. खाली पोती आहेत हे बँकेला माहीत नाही. उद्या सरकारी कागदावर त्याच्याच सहीनं गोदाम लागलं आणि ते बँकेच्या हाती पडलं तर सगळं कर्ज एकदम परत मागतील.

"त्या वेळचं लिहायचंय," ती म्हणाली. "आजचं नाही."

"त्या वेळचंच तर कर्ज आहे, ताई."

भावजय दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "द्या लिहून. सही करताना त्यांनी विचारलं होतं का, मला काय मिळणार म्हणून?"

भाऊ बायकोवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, पडदेवालीला निदान भांडता आलं असतं. तो नुसता खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. बापच बसायचा तसा. मग मान वर न करता म्हणाला, "ताई, तू असं कर. तुम्ही सगळे इथंच या राहायला. वर अजून एक खोली चढवू. तुझं पण घर आहे हे."

ती उठली. चहा तसाच राहिला. आजवर तिला कुणीकुणी काय काय बोललं होतं, मालकांनी, मालकिणींनी, कवळीवाल्या म्हाताऱ्यांनी. पण कुणी घर देऊ केल्यानं जीव एवढा कडू झाला नव्हता. तिनं हक्क सोडला होता तो भावाच्या उपकारात राहायला नव्हे. जिना उतरताना भावजय मागून आली आणि म्हणाली, मी पुन्हा सांगून बघते. तिनं सांगितलंही असेल. कागद काही आला नाही.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. लिफ्टवाला म्हणाला, मुळात सही करायची घाई कुणी केली. ती म्हणाली, हाव नाही कुणाच्या तोंडून निघालं होतं. तो म्हणाला, मी बोललो म्हणून तू विहिरीत उडी मारशील का. ती म्हणाली, मारली की, आणि तुम्ही काठावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. वर मालकीणबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. तेव्हा दोघंही थांबले. भांडायलासुद्धा आपली भिंत लागते. तो बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, तिनं मशीनवर आवरण घातलं.

महिना संपला. बिल्डरच्या माणसानं फ्लॅट दुसऱ्याला दिला आणि बयाण्यातून चौथा हिस्सा कापून बाकीचा परत केला. तो म्हणाला, वाईट वाटतं वहिनी, पण माझ्या हातात काही नाही. कुणाच्याच हातात काही नसतं. मालकीणबाईंचे नवे भाडेकरू एक तारखेला सकाळीच टेम्पो घेऊन दारात उभे राहिले, नवरा-बायको, एक तान्हं मूल, आणि एक भलं मोठं कपाट. त्यांच्या बाईनं हिला विचारलं, भिंतीला खिळे चालतात ना. ही म्हणाली, विचारून बघा.

पाचवी खोली चौथीपेक्षा लहान. कापड बेतायचं टेबल मावलं नाही, ते विकलं. ती आता जमिनीवर अंथरून बेतते, त्यामुळे कंबर गेली आहे. एवढ्यानं संपलं असतं तरी ती गप्प बसली असती. माणसं बसतातच. पण तुम्ही पत्रात शेवटी अजून एक ओळ घातली होती: माहिती दडवल्यामुळे अर्जदारास व तिच्या पतीस पुढील दहा वर्षे या योजनेचा लाभ घेता येणार नाही. आणि त्याखाली बारीक अक्षरात, अपील करावयाचे असल्यास साठ दिवसांत. अठ्ठावन्नाव्या दिवशी तिनं अपील टाकलं. लिहिलं लेकीनं, अक्षर तिचं चांगलं आहे म्हणून. त्या मुलीनं विचारलं, आई, दडवलं म्हणजे काय लपवलं होतंस तू?

सुनावणीला तुमच्या चौथ्या मजल्यावर दोघं गेले. लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्यानं सवयीनं दाराला कान लावला, म्हणाला, दोन तासांचं काम आहे, कुणी बघत नाही. मग ते चढून आले.

तुम्ही चांगले वागलात, हे सांगायला हवं. खुर्ची दिलीत, पाणी मागवलंत. तुमच्या केबिनच्या खिडकीला पट्ट्यांचे पडदे होते, त्यातली एक पट्टी उलटी लागली होती आणि तिचे डोळे राहून राहून तिकडे जात होते. तुम्ही फाइल वाचलीत आणि विचारलंत, सातव्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं लिहिलं होतं की नव्हतं. ती म्हणाली, लिहिलं होतं. मग ती बापाचं सांगू लागली, सतरा दिवसांचं सांगू लागली, आणि तुम्ही म्हणालात, मुद्द्याचं बोला.

तेव्हा तिनं मुद्द्याचं विचारलं. सही केली नसती तर काय झालं असतं? तुम्ही म्हणालात, मग अर्ध्या घराच्या मालक राहिला असतात, योजनेत बसला नसतात. आणि सही केली तर? तरी बसत नाही, कारण आधी मालक होतात. म्हणजे ठेवलं तरी घर आहे आणि सोडलं तरी घर आहे, असंच ना? तुम्ही म्हणालात, नियम मी केलेला नाही. मग तुम्हालाच तिची दया आली असावी, कारण तुम्ही पुढे झुकलात आणि समजुतीच्या आवाजात म्हणालात, "बाई, तुमच्या वडिलांनी हयात असताना घर भावाच्या नावावर करून दिलं असतं, किंवा मृत्युपत्रात तुमचं नाव वगळलं असतं, तर काही अडचण नव्हती. नोंदच झाली नसती. पुष्कळ वडील तसं करतात."

लिफ्टवाला बायकोकडे बघत राहिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "बापानं मला काढून टाकलं असतं तर मला घर मिळालं असतं."

तुम्ही म्हणालात, तसं नाही, तसा त्याचा अर्थ नाही.

"मग कसा आहे?"

तुम्ही घड्याळ पाहिलंत. निर्णय लेखी कळवू, म्हणालात. ती उठली नाही. ती म्हणाली, आत्ता जे बोललात तेच लेखी द्या, दुसरं काही नको. लेकीला दाखवायचंय, ती विचारते. तुम्ही शिपायाला बोलावलंत. शिपायानं तिला हात लावला नाही, नुसता दार उघडं धरून उभा राहिला, आणि लिफ्टवाल्यानं तिला उठवलं.

याला चार महिने झाले. लेखी काही आलं नाही. दर सोमवारी ती त्या फळीपाशी जाऊन येते, आणि खिडकीवरच्या बाई मान हलवतात. भाऊ फोन करतो, ती उचलते, दोघंही तब्येतीचं विचारतात. पाचव्या खोलीचा मालक आत्ताच भाडं वाढवायचं बोलू लागलाय. बँकेत साठ हप्ते पडून आहेत. एका बापाची दोन लेकरं होती आणि त्यानं दोघांनाही लेकरं मानलं, एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा तुमच्या फाइलीत आहे.

तुम्हाला तारखा आवडतात, साहेब. नाव चढल्याची तारीख, नाव उतरल्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख. मग अजून एक तारीख द्या. ती आपल्या बापाची लेक नव्हती असं तिनं कोणत्या तारखेला जाहीर करायला हवं होतं, म्हणजे तिला तुमच्या दारात घर मिळालं असतं? जन्माच्या दिवशी, की बापाला पोचवल्याच्या दिवशी? दिवस, महिना, वर्ष घाला, खाली सही करा, तो गोल शिक्का मारा आणि पाठवा. पत्ता पाचव्या खोलीचा आहे, लवकर पाठवा, सहावी कधी होईल सांगता येत नाही. उत्तर द्या.